परवानगी नाकारली

आईचा आवाज बंद पडून आठ दिवस झाले, तेव्हा केतकी भारंबेने स्वतःच कंपनीला फोन लावला. तिची तयारी भांडणाची होती. तक्रार क्रमांक मागायचा, वरच्या साहेबाशी बोलायचं, जळगावचा दुरुस्तीचा माणूस आठ दिवस का येत नाही ते विचारायचं. पलीकडच्या मुलीने भुसावळचा पत्ता शोधला, यंत्राचा क्रमांक शोधला आणि नम्रपणे सांगितलं की या यंत्राबद्दल एकही तक्रार नोंदवलेली नाही. शेवटची नोंद मार्चमधल्या अपडेटची होती.

पप्पा मात्र रोज फोनवर सांगत होते, तक्रार दिली आहे, माणूस उद्या येतो म्हणालाय. मग उद्याचा परवा व्हायचा.

केतकी पुण्यात सर्व्हर सांभाळायची. पंधरा वर्षं लिनक्सशिवाय दुसरं काही तिने केलं नव्हतं. रजा टाकून ती त्याच दिवशी निघाली. वाटेत ती स्वतःची समजूत घालत राहिली. पप्पांचं वय झालंय. तीन वर्षं माणूस एकटा आजारपण काढतोय. विसरले असतील.

दोन मेला सकाळी ती घरी पोचली, तेव्हाच ऊन तापलं होतं. दार पप्पांनी उघडलं. गुळगुळीत दाढी, खांद्यावर टॉवेल, हातात औषधाची वाटी. मुरलीधर भारंबे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते आणि बायकोचं आजारपणही त्यांनी ड्यूटीसारखंच चालवलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्याची वेळ वहीत लिहायची. पोटातल्या नळीतून किती मिली पातळ डाळ गेली, तेही लिहायचं. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीवर एकही व्रण नव्हता. दवाखान्यातल्या नर्सेस त्यांचं उदाहरण द्यायच्या.

तिला बघून ते दचकले. मग म्हणाले, आधी कळवायचं तरी, माणूस उद्या येणारच होता. केतकीने तो विषय तिथेच सोडला.

आई आतल्या खोलीत, कूलरसमोर होती. उज्ज्वला भारंबे अंगणवाडीची पर्यवेक्षिका होती. यावल-रावेरकडची चाळीस गावं तिने स्कूटरवर पालथी घातली होती. तिचा आवाज असा की एका टोकाच्या अंगणवाडीतून हाक मारली तर दुसऱ्या टोकाची सेविका रजिस्टर घेऊन धावत यायची. चार वर्षांपूर्वी बोलताना तिची जीभ अडखळायला लागली. स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात, तो आजार. आधी जीभ गेली, मग हात, मग पाय. आता डोळे हलायचे आणि डावी भुवई. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

तरी तिचं बोलणं थांबलं नव्हतं, ते वाणीयंत्रामुळे. बोलायचं मनात घेतलं की मेंदूच्या एका पट्टीतून जीभ, ओठ आणि कंठाला हुकूम सुटतात. आईचे हुकूम सुटत होते, फक्त ते पोचवणाऱ्या वाटा बुजल्या होत्या. डॉक्टरांनी कवटीखाली त्या पट्टीवर टपाल तिकिटाएवढी जाळी बसवली होती. जाळी हुकूम टिपायची, पलंगाखालची पेटी त्यातून शब्द लावायची आणि उशाजवळचा स्पीकर ते शब्द बोलून दाखवायचा. तेही आईच्याच आवाजात, कारण केतकीच्या जुन्या फोनमध्ये आईचे नऊ वर्षांचे व्हॉइस मेसेज होते. जेवलीस का, पोचलीस का, फोन का उचलत नाहीस. त्या मेसेजांतून यंत्राने तिचा आवाज शिकून घेतला होता.

पेटी लिनक्सवर चालायची. माणसाच्या डोक्यातलं काही बाहेर फुटू नये म्हणून ती इंटरनेटला जोडायला कायद्यानेच बंदी होती. अपडेटसुद्धा कंपनीचा माणूस घरी येऊन कार्डावरून भरायचा. त्यामुळे पुण्यात बसून केतकीला काहीच करता आलं नव्हतं. गेल्या आठ दिवसांत पप्पा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवायचे. आई कॅमेऱ्याकडे टक लावून बघायची. बरी आहेस ना, असं केतकी विचारायची. आई एकदा पापणी मिटायची. केतकी कामाला लागायची.

"आल्या आल्या कशाला बसतेस, जेव आधी," पप्पा म्हणाले.

ती जेवली. मग पलंगाशेजारी फरशीवर मांडी घालून बसली, पेटीला कीबोर्ड आणि पडदा जोडला आणि आईला म्हणाली, "बघू तुझ्या घशाला काय झालंय."

आवाज जातो तेव्हा शोध बाहेरून आत न्यायचा असतो. केतकीने आधी वायर बघितली, ती घट्ट होती. स्पीकरचा दिवा लागत होता. पप्पांच्या खात्यातून तिने तपासणीचा आवाज सोडला, तर टण् करून स्पष्ट घंटा वाजली. आईचे डोळे एकदम मोठे झाले. स्पीकर, ध्वनीचं कार्ड, त्यांना चालवणारा प्रोग्राम, सगळं धडधाकट होतं. आईच्या खात्यातला आवाज पूर्ण वर होता, कुठे म्यूटही नव्हता. मग तिने आईच्या खात्यातून तीच घंटा वाजवायला सांगितली. पडद्यावर एकच ओळ आली: परवानगी नाकारली.

लिनक्सच्या एका यंत्रात अनेक रहिवासी नांदतात. प्रत्येकाचं आपलं खातं, आपल्या फाइली. कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे ज्याची फाइल तो ठरवतो. स्पीकर किंवा माइकसारख्या सामायिक वस्तूंसाठी ग्रुप असतात. ऑडिओ ग्रुपात ज्याचं नाव आहे, त्यालाच स्पीकरला हात लावता येतो. या सगळ्यांच्या वर एक अ‍ॅडमिन असतो आणि त्याला कुठलंही दार बंद नसतं. यंत्र बसवलं त्या दिवशी तंत्रज्ञाने विचारलं होतं, अ‍ॅडमिन कोण? केतकी फोनवर होती. तिने लगेच सांगितलं होतं, सगळे अधिकार पप्पांकडे द्या, आईला कुठे कीबोर्ड दाबता येणार आहे.

तिने ऑडिओ ग्रुपातली नावं काढली. मुरलीधर होते, कंपनीचा तंत्रज्ञ होता. उज्ज्वला नव्हती.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. अपडेटमध्ये असं होतं कधीकधी, ग्रुप विस्कटतात. मग तिच्या लक्षात आलं की अपडेट मार्चमधलं आहे आणि एप्रिलच्या वीस तारखेला, तिच्या वाढदिवशी, आई तिच्याशी फोनवर तासभर बोलली होती. तिने यंत्राची नोंदवही उघडली.

चोवीस एप्रिल, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. युजर मुरलीधर. ऑडिओ ग्रुपातून उज्ज्वला हे नाव वगळलं. चार वाजून बारा मिनिटांनी आईच्या खात्यातून आवाज येतो का, हे तपासून बघितलं होतं. आला नव्हता.

सिग्नल बदलला की तो खरंच बदलला का ते बघितल्याशिवाय पप्पा कधी जागचे हलायचे नाहीत.

स्वयंपाकघरातून औषधाची गोळी कुटल्याचा आवाज येत होता.  हाताला काहीतरी काम हवं म्हणून केतकीने पुढची तपासणी केली: यंत्र शब्द लावतंय की नाही? बोललेलं प्रत्येक वाक्य पेटी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. त्या फाइलची शेवटची ओळ दिसत राहील असं तिने केलं. ओळ आधीच येत होती.

केतू.

केतू दिसतंय का तुला.

तिने वर बघितलं. आई तिच्याकडेच बघत होती. केतकीने मान डोलावली. आठ दिवस आई बोलतच होती. पेटी ऐकत होती, लिहून घेत होती, आणि स्पीकर तिला दारात उभं करत नव्हता.

ओळी पुढे येत राहिल्या.

वाळली आहे. केस कापले. मला सांगितलं नाही. पाठ दुखतेय नको सांगायला आत्ताच आलीय. पुण्यात एकटी काय खात असेल. हे सगळं दिसतंय का हिला. देवा.

केतकीने पडदा स्वतःपासून पलीकडे वळवला. शेवटची वाक्यं तिच्याशी बोललेली नव्हती. नुसती आईच्या मनात आलेली होती.

"आई, मागचं, आठ दिवसांचं, मी वाचू का?"

फाइल आईच्या मालकीची होती, दुसऱ्या कोणाला वाचायची मुभा नव्हती. पण केतकी पप्पांच्या खात्यातून आत शिरली होती. तो पासवर्डही तिनेच बनवून दिलेला. एका बोटाने तेराशे बारा ओळी समोर आल्या असत्या.

आईने पापण्या दोनदा मिटल्या.

"बरं. हे बंद पप्पांनी केलं?"

एकदा.

"सुरू करते मग. एका ओळीचं काम आहे."

आईने डोळे घट्ट मिटले, उघडले, परत मिटले. नाही. केतकीला वाटलं आपली मोजण्यात चूक झाली. तिने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

पप्पा मागच्या अंगणात दोरीवरचे पंचे काढून घड्या घालत होते. केतकी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. भांडायचं तिने ठरवलं होतं, पण तोंडातून साधाच प्रश्न आला.

"चोवीस तारखेला काय झालं, पप्पा?"

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. मग दुसरा पंचा घेतला. नाकारायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. हा प्रश्न येणार हे त्यांना आठ दिवस ठाऊक असावं, तसं ते बोलायला लागले.

मार्चमधल्या अपडेटनंतर उज्ज्वला भराभर बोलायला लागली होती. आधी एका वाक्यानंतर दमायची, आता दमत नव्हती. पहिले दहा दिवस दिवाळी होती घरात. मग अधूनमधून स्पीकर काहीतरी भलतंच बोलायचा. भरवताना म्हणायचा, हात थरथरतात ह्याचे. अंग पुसताना म्हणायचा, परक्या बाईचा हात बरा. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती म्हणायची, अहो, हे मी बोलले नाही. ते म्हणायचे, असू दे.

चोवीस तारखेला फैजपूरहून सिंधूआत्या आल्या. चहा झाला. आत्या उज्ज्वलाचा हात हातात घेऊन सांगत होत्या की वहिनी, भाग्य लागतं असा नवरा मिळायला, आमच्या दादानं जे केलं ते कोणी करणार नाही. स्पीकरला तेवढ्यात कंठ फुटला.

"काय बोलला?" केतकीने विचारलं.

पप्पांनी पंचा खांद्यावर टाकला. "अडतीस वर्षं बोलू दिलं नाही ह्या माणसानं. आता ऐकत बसलाय."

आत्या कप तसाच ठेवून उठल्या होत्या. त्या रिक्षात बसेपर्यंत पप्पा त्यांच्याबरोबर होते. परत आल्यावर ते सरळ पेटीशी बसले.

"अहो म्हणते ती मला," पप्पा म्हणाले. "आजवर कधी नुसत्या नावानं हाक मारली नाही. आणि मनात मी हा माणूस."

केतकी दहा वर्षांची असताना आईने खात्याची परीक्षा दिली होती, पास झाली होती, प्रकल्प अधिकारी म्हणून नंदुरबारला नेमणूक आली होती. जेवताना आईने विषय काढला. पप्पा म्हणाले, कशाला. आणि विषय संपला. आई कुठे जाणार नाही म्हणून केतकीला तेव्हा आनंद झाला होता. तो आनंद तिला आता आठवला.

पप्पा सांगत होते की फक्त एक दिवस बंद ठेवायचं त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या दिवशी घर शांत होतं. बरं वाटलं. हे त्यांनी न लपवता सांगितलं, आणि केतकीला तेच सगळ्यात जड गेलं. तिसऱ्या दिवशी ते सुरू करायला बसले, तर आता ती काय बोलेल या विचाराने हात चालेना. मग रोजच चालेना.

"तुमच्या रिले रूमला दोन कुलुपं का असायची?" केतकीने विचारलं.

स्टेशनातले सगळे सिग्नल जिथून हलतात, ती ही खोली. एक किल्ली स्टेशनमास्तरकडे, एक सिग्नलवाल्याकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही. लहानपणी हे त्यांनीच तिला दाखवलं होतं.

"एकट्या माणसाच्या भरवशावर गाड्या सोडत नाहीत म्हणून," पप्पा म्हणाले.

"इथे एकच कुलूप होतं. आणि किल्ली तुम्हाला मीच दिली होती."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग ते घरात गेले. उरलेले पंचे तसेच दोरीवर राहिले.

दुपारी केतकीने कंपनीतल्या एका अभियंत्याला गाठलं. तो भला माणूस होता, त्याने तासभर समजावलं. बोलायचा प्रयत्न करणं आणि मनातल्या मनात बोलणं, या दोन्हींच्या खुणा मेंदूत एकाच जागी उमटतात. फरक फक्त जोराचा असतो. प्रयत्न ठळक असतो, विचार पुसट. यंत्राने अमुक जोराच्या वरचंच उचलायचं, अशी रेषा आधी ठेवलेली होती. आजार वाढला तशी केतकीच्या आईच्या प्रयत्नाचीच खूण पुसट होत गेली. कंपनीने रेषा खाली आणली, म्हणून तिला बोलणं सोपं झालं आणि म्हणूनच मनातलंही सांडायला लागलं. रेषा परत वर नेली तर? तर तुमच्या आई काही बोलूच शकणार नाहीत, तो म्हणाला.

संध्याकाळी तिने हे पप्पांना सांगितलं. पप्पांना निवृत्तीनंतर प्रवचनांची गोडी लागली होती. ते ऐकून घेऊन म्हणाले, वाचा चार असतात. ओठांतून निघते ती वैखरी, मनात घोळते ती मध्यमा. यंत्राला यातला भेद कळत नाही, एवढंच ना? केतकीने मान डोलावली. तो भेद आता आईलाच करावा लागणार होता, प्रत्येक वाक्यागणिक.

पुढचे दोन दिवस ती त्याच कामात होती. डाव्या भुवईवर तिने एक बारीक पट्टी चिकटवली. यंत्राने लावलेलं वाक्य आधी आईसमोरच्या लहान पडद्यावर, फक्त तिला दिसेल असं यायचं. आईने भुवई उचलली तर ते स्पीकरकडे जायचं. नाही उचलली तर पाच सेकंदांनी पुसलं जायचं, फाइलमध्येसुद्धा राहायचं नाही. भुवई नीट उचलायला आईला फार कष्ट पडायचे. एका वाक्याला अर्धं मिनिट लागायला लागलं. अभियंत्याने आधीच बजावलं होतं की भुवईही फार तर वर्षभर साथ देईल. केतकीने हे आईला लपवून न ठेवता सांगितलं आणि विचारलं, भराभर हवं की असं हवं? आईने दोन्ही नीट ऐकून घेतलं आणि भुवईच्या बाजूने पापणी मिटली.

पप्पा दारात उभे राहून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं की रात्री ठसका लागला, जीव घुसमटला, तर ती भुवई उचलत बसणार का? प्रश्न रास्त होता. यंत्राने 'धावा' एवढाच शब्द टिपला की वाजेल अशी धोक्याची घंटा केतकीने वेगळी काढली. तिला कोणाचीच परवानगी लागणार नव्हती आणि ती कोणालाच बंद करता येणार नव्हती. आवाज लहान-मोठा करायचं बटण पप्पांकडे राहिलं. बाकी काही राहिलं नाही.

शेवटी अ‍ॅडमिनचा पासवर्ड उरला. पडद्यावर एकेक अक्षर सरकत होतं आणि हवं ते आलं की आई भुवई उचलत होती. केतकी भिंतीकडे तोंड करून बसली. चाळीस मिनिटं लागली. मधेच तिला मागे वळून बघायचा मोह झाला, काही अडलं तर आपल्याला ठाऊक असलेलं बरं, असंही मनात आलं. ती वळली नाही. भुवईने साथ सोडली आणि पासवर्ड टाकता आला नाही तर पेटी कायमची मुकी होईल, हे तिने आईला दोनदा सांगून झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पप्पांच्या अजून उघड्या असलेल्या खात्यातून तिने आईचं नाव ऑडिओ ग्रुपात परत घातलं आणि ते खातं बंद केलं. तिने केलेला तो शेवटचा बदल. त्यानंतर पेटीने तिला काही बदलू देणं बंद केलं.

पप्पा खुर्ची ओढून पायथ्याशी बसले. आईच्या समोरच्या पडद्यावर वाक्यं येत होती आणि पुसली जात होती. काय येत होतं ते त्या दोघांना दिसत नव्हतं. चार-पाच वाक्यं तिने तशीच जाऊ दिली. मग भुवई थरथरली.

"केतू, पाठीखाली उशी घे."

तोच आवाज होता. केतकीने उशी सरकवली. 

पुन्हा बराच वेळ गेला. "कूलर बंद कर."

कूलर थांबल्यावर खोली इतकी शांत झाली की शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"ते आठ दिवसांचं ह्यांना दे," यंत्र म्हणालं. आणि अर्ध्या मिनिटाने, "ह्यांनी वाचावं. मोठ्यानं."

केतकीने पप्पांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ती आईजवळ वाकली आणि हळू म्हणाली, "आई, त्यात सगळं आहे. बोललीस तेही आणि नुसतं मनात आलं तेही. मला ते वेगळं करता येत नाही."

"ठाऊक आहे."

फाइल उघडायला आईनेच परवानगी दिली, पासवर्ड टाकून. पुन्हा तितकीच मिनिटं लागली, आणि दोघंही भिंतीकडे बघत बसले. पडद्यावर तेराशे ओळी आल्या. केतकीने पडदा पप्पांकडे फिरवला आणि ती पलंगाच्या कडेला टेकणार, एवढ्यात आईची भुवई पुन्हा उचलली गेली.

"तू बाहेर बस."

ती अंगणात, पायरीवर येऊन बसली. दोरीवर त्या दिवशीचेच पंचे होते. खिडकी उघडी होती आणि कूलर बंद होता. तिला ऐकायचं नव्हतं, तरी ऐकू येत होतं.

पप्पांनी घसा साफ केला. चष्मा काढून पुसला असावा, कारण मधे थोडा वेळ गेला. मग ते सपाट आवाजात, खात्याचं परिपत्रक वाचावं तसं वाचायला लागले.

"अहो, आवाज येत नाहीये. अहो, मशीन बघता का जरा. अहो, तुम्हाला ऐकू येतंय का. अहो. अहो." ते थांबले. "उज्ज्वला, पुढे बरंच हेच आहे. दोन पानं हेच आहे."

आतून उत्तर यायला वेळ लागला.

"सगळं वाचा."

ते वाचायला लागले. अहो. अहो. संध्याकाळचे पाच, सहा, साडेसहा. प्रत्येक ओळीपुढची वेळही ते वाचत होते, ती सोडायची की नाही हे त्यांना कळत नसावं. पाठ दुखतेय. कूस बदलायची वेळ झाली. आलात का. बरं. अहो, आवाज गेलाय माझा, कोणाला तरी बोलवा. दुसऱ्या दिवशीच्या ओळी सुरू झाल्या, तेव्हा त्यांचा परिपत्रकाचा सूर सुटला. एका ठिकाणी ते अडले. मग त्यांनी वाचलं, अगदी हळू, तरी केतकीला ते कळलंच.

"तुम्हीच केलंत ना."

पायरी तापायला लागली होती. केतकी उठली नाही. आतून पप्पांचा आवाज आला. असा आवाज तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घरातली वडीलधारी माणसं सहसा तसं काही विचारत नाहीत.

"जरा पाणी पिऊ का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. ते बसूनच होते, वाट बघत. वीस सेकंद गेले असतील, कदाचित तीस.

"प्या," आईचा आवाज आला. "मग पुढचं वाचा."